एकेरी सोडून फक्त दुहेरी खेळावी का? १९ वर्षांच्या टेनिसपटूच्या वडिलांना उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १९ वर्षांचा आहे. एकेरीत एटीपीचे (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) जेमतेम गुण आहेत आणि क्रमवारी हजाराच्या पलीकडे अडकली आहे. दुहेरीत मात्र गेल्या हंगामात एम१५ या व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या दर्जाच्या दोन स्पर्धांत त्याने अंतिम फेरी गाठली. बालेवाडीत २०२२ साली रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन जिंकले तो सामना त्याने टीव्हीवर पाहिला आणि तेव्हापासून त्याला दुहेरीचीच ओढ लागली आहे. आता एकेरी पूर्ण सोडून दुहेरी खेळू द्यावी का, आणि अशा मोठ्या स्पर्धेच्या दुहेरीत नाव लागतं तरी कसं, हे तुम्हाला हवंय.

मी पुण्यात बरीच वर्षं प्रशिक्षक आहे आणि माझं जास्त काम दुहेरीच्या जोड्यांबरोबर झालंय. त्या अनुभवावरून आधीच सांगतो: १९ व्या वर्षी एकेरी सोडू नये. दुहेरी कमी प्रतीची आहे म्हणून मी हे म्हणत नाही. मला स्वतःला दुहेरीच जास्त आवडते. पण दुहेरीतच पुढे जायचं असेल तरी या वयात एकेरी खेळत राहणं फायद्याचं आहे, आणि ते का हे कळायला दुहेरीचा ड्रॉ, म्हणजे स्पर्धेत कोण खेळणार याची यादी, कशी भरते ते आधी समजून घ्यावं लागेल.

बालेवाडीचंच उदाहरण घेऊ. चेन्नईची स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली आणि २०२३ पर्यंत ती इथे एटीपी २५० दर्जाची स्पर्धा म्हणून झाली. मधलं २०२१ चं वर्ष रिकामं गेलं. २०२४ पासून वर्षारंभीचा तो आठवडा हाँगकाँगला गेला आणि बालेवाडीत फेब्रुवारीत चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालच्या दर्जाची स्पर्धा होऊ लागली. २५० दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीचा ड्रॉ १६ जोड्यांचा असतो. एकेरीत असते तशी पात्रता फेरी इथे नसते. एखाद-दुसरी जोडी वाईल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी थेट दिलेल्या प्रवेशावर येते, बाकीच्या क्रमवारीवर. जोडीतल्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज करतात. बेरीज जितकी कमी तितकी जोडी यादीत वर.

आता यातली जी गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते ती सांगतो. प्रवेशासाठी खेळाडूचा दुहेरीचाच क्रमांक धरतात असं नाही. एकेरी आणि दुहेरी यांपैकी जो चांगला असेल तो धरला जातो. समजा, एक खेळाडू दुहेरीत १८० वा आहे. त्याचा जोडीदार दुहेरीत सहाशेच्या खाली आहे, पण एकेरीत ९५ वा आहे. तर त्यांची बेरीज १८० अधिक ९५, म्हणजे २७५ होते. त्याच यादीत फक्त दुहेरी खेळणारे दोघं, एक १४० वा आणि एक १५० वा, म्हणजे बेरीज २९०, त्यांच्या खाली राहतात. एकेरीसाठी आलेले खेळाडू आयत्या वेळी नाव देतात आणि दोन महिने आधीपासून त्या आठवड्याची आखणी केलेली जोडी बाहेर बसते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. नियमाने ते बरोबरच आहे. पण यावरून तुमच्या लक्षात येईल की एकेरी सोडणारा मुलगा ड्रॉमध्ये शिरण्याचा एक रस्ता स्वतःहून बंद करतो.

खालच्या पातळीवर, म्हणजे एम१५ आणि त्याच्या वरच्या एम२५ मध्ये, हाच मुद्दा वेगळ्या रूपात येतो. तिथे एकेरी खेळणारा मुलगा तसाही आठवडाभर त्या गावात असतो. प्रवास, खोली, जेवण हा खर्च दोन स्पर्धांवर वाटला जातो. जोडीदारही तिथेच भेटतात. फक्त दुहेरीसाठी ट्युनिशियातल्या मोनास्टिर किंवा तुर्कस्तानातल्या अंताल्याला जायचं, पहिल्याच फेरीत तासाभरात हरायचं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत वाट पाहत बसायचं, हे खिशालाही परवडत नाही आणि मनालाही. शिवाय सामने किती मिळतात तेही बघा. १६ जोड्यांच्या ड्रॉमध्ये विजेतेपदासाठी चारच सामने असतात. एटीपी २५० जिंकलात तर दोघांनाही प्रत्येकी २५० गुण मिळतात. पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. १९ वर्षांच्या मुलाला वर्षाला भरपूर सामने हवेत, आणि ते एकेरीशिवाय मिळत नाहीत.

वयाचा मुद्दा तर याहून मोठा आहे. एकेरीचं दार लवकर बंद होतं. दुहेरीचं दार फार उशिरापर्यंत उघडं राहतं. बोपण्णा २०२४ च्या जानेवारीत मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता होता, एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत पोचला, दुखापतींनी त्याची वर्षं खाल्ली आणि तिशीच्या आसपास तो पूर्णपणे दुहेरीकडे वळला. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये मायकेल व्हीनसबरोबर तो उपांत्य फेरीत खेळला. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे घ्या. ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीत त्याने पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं ते २०२४ मध्ये, तिशीत, आणि तेही निर्णायक टायब्रेक (बरोबरी सोडवणारा छोटा खेळ) १४-१२ असा जिंकून. या तिघांनीही आधी अनेक वर्षं एकेरी खेळलेली आहे. दुहेरीत लागणारी सर्व्हिस, रिटर्न (सर्व्हिस परतवणारा फटका), दडपणाखाली टिकण्याची सवय, सगळं तिथूनच आलंय. तुमच्या मुलाला घाई करण्याचं कारणच नाही.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. मुलाला दुहेरी आवडते, की एकेरीतल्या पराभवांचा वीट आलाय? दोन्हींची लक्षणं वरवर सारखीच दिसतात. ओळखायची कशी, तर सराव बघा. दुहेरीची खरी आवड असलेला मुलगा एकटा असताना पहिली व्हॉली (टप्पा पडण्याआधी मारलेला फटका) घोटतो, दुसऱ्यांचे दुहेरीचे सामने शेवटपर्यंत बसून पाहतो, जोडीदाराला स्वतः फोन करतो. एकेरीला कंटाळलेला मुलगा दुहेरीबद्दल बोलतो खूप, पण नेटवरचा सराव टाळतो. तुमचा मुलगा कुठल्या बाजूचा आहे हे मी इथून सांगू शकत नाही. त्याच्या प्रशिक्षकाला मोकळेपणाने विचारा.

खेळाच्या अंगाने दुहेरी कुणाला मानवते, याबद्दल मात्र मी ठामपणे बोलू शकतो. लोकांना वाटतं उंच मुलगा, जोरदार सर्व्हिस, नेटवर उभा राहिला की झाला दुहेरीचा खेळाडू. सर्व्हिस हवीच. पण मी मुलगा निवडताना आधी त्याचा रिटर्न बघतो.

कारण साधं आहे. एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद, दुहेरीचं १०.९७ मीटर. कोर्ट रुंद झालं तरी समोर एक माणूस नेटवर उभा आहे, त्यामुळे रिटर्न घालायची जागा उलट अरुंद होते. एकेरीत चालून जाणारा, मधोमध खोल जाणारा सुरक्षित रिटर्न इथे नेटवरच्या माणसाच्या हातात जातो. रिटर्न तिरका हवा, नेटच्या मधल्या भागावरून हवा, कारण तिथे नेट ९१ सेंटिमीटर असतं आणि खांबापाशी १०७, आणि सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या पायाशी पडायला हवा. चेंडू पायाशी गेला की त्याला तो खालून वर उचलावा लागतो आणि तो वर आलेला चेंडू तुमच्या जोडीदाराचा. दुहेरीतला अर्धा खेळ एवढाच आहे, असं म्हटलं तरी चालेल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला बोपण्णा आणि श्रीराम बालाजी पहिल्याच फेरीत ५-७, २-६ असे हरले. समोर एदुआर रॉजे-व्हासलाँ हा दुहेरीचा मुरलेला खेळाडू होता, पण त्याच्याबरोबर आयत्या वेळी उभा राहिलेला गाएल मोंफिस हा एकेरीचा माणूस. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, जोरदार मारणारा चांगला एकेरीपटू दुहेरीतही केवढा जड जातो, ते तिथे दिसलं. हादेखील एकेरी न सोडण्याचाच मुद्दा झाला.

रिटर्ननंतर मी पहिली व्हॉली बघतो. डोक्यावरून मारलेला स्मॅश प्रेक्षकांना आवडतो, पण सामने जिंकून देते ती सर्व्हिस लाइनच्या आसपास, गुडघ्याच्या खाली घेतलेली पहिली व्हॉली. ती खोल आणि मधोमध टाकता आली पाहिजे. मग दुसरी सर्व्हिस. तिचा वेग थोडा कमी असला तरी मी चालवून घेतो, पण ती अंगावर आणि ‘टी’वर (सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात तिथे) अशी दोन्हीकडे हुकमी पडायला हवी, कारण नेटवरचा जोडीदार त्याच भरवशावर हालचाल ठरवतो.

आता सामन्याच्या पद्धतीबद्दल, कारण मुलाला ती पूर्ण कळलीय का याची मला शंका आहे. एटीपी स्पर्धांत दुहेरीची पद्धत २००६ पासून वेगळी आहे. ४०-४० झालं की ॲडव्हांटेज नाही. एकच पॉइंट, तो जिंकेल त्याचा गेम. आणि दोन्ही जोड्यांचा एकेक सेट झाला की तिसरा सेट न खेळता दहा पॉइंटांचा टायब्रेक. ग्रँड स्लॅममध्ये असं नाही, तिथे तिसरा सेट पूर्ण खेळतात. बालेवाडीतले पाच अंतिम सामने बघा. २०१८ मध्ये हासे आणि मिडेलकूप यांनी एर्बेर आणि सिमाँ यांना ७-६, ७-६ असं हरवलं, दोन्ही टायब्रेक ७-५. २०२० मध्ये योरान्सन आणि रुंगकट निर्णायक टायब्रेकमध्ये १०-८ असे सुटले. २०२२ चा तुमच्या मुलाने पाहिलेला सामना: बोपण्णा-रामकुमार पहिला सेट टायब्रेकमध्ये १०-१२ असा हरले, दुसरा ६-३ जिंकले, शेवटचा टायब्रेक १०-६. उरलेले दोन, २०१९ आणि २०२३ चे, सरळ सेटमध्ये संपले. म्हणजे पाचपैकी तीन विजेतेपदं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या पॉइंटांवर ठरली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी असते, त्यामुळे इथे चेंडू जरा सुटतो, सर्व्हिस करणाऱ्याला फायदा होतो आणि सेट टायब्रेककडे झुकतात. २०१९ च्या एकेरीच्या अंतिम सामन्यात अँडरसन आणि कार्लोविच यांचे तीनही सेट टायब्रेकला गेले होते, तेही इथेच.

हा ४०-४० चा पॉइंट जरा जवळून बघा, दुहेरी म्हणजे काय ते त्यात कळतं. कुठल्या बाजूने रिटर्न घ्यायचा हे रिटर्न घेणारी जोडी ठरवते. म्हणजे ज्याचा रिटर्न त्या दिवशी बसलाय तो पुढे येतो. दरम्यान सर्व्हिस करणारे दोघं बेसलाइनपाशी येऊन तोंडावर हात धरून बोलतात. सर्व्हिस अंगावर टाकायची की टीवर, आणि नेटवरचा माणूस पलीकडे झेपावणार की जागेवर थांबणार. मग तो नेटवर जाऊन मधल्या रेषेवर जवळजवळ बसतोच, म्हणजे तो कुठे जाणार हे रिटर्न घेणाऱ्याला कळू नये. सर्व्हिस पडली की तो एका बाजूला सुटतो आणि सर्व्हिस करणारा दुसरी बाजू धरतो. पहिली सर्व्हिस चुकली की ठरवलेलं सगळं बदलतं आणि ते बदललेलं दोघांना न बोलता, नजरेनं कळायला लागतं. माझ्याकडे जोड्यांचा सराव सेट ०-० पासून फार कमी वेळा सुरू होतो. मी गेम ३०-३० वर सुरू करतो, टायब्रेक ७-७ वर. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, पण एटीपीच्या दुहेरीत त्यांचं नशीब ठरणार आहे ते त्याच पॉइंटांवर.

याच पद्धतीमुळे दुहेरीचे निकाल खूप वरखाली होतात. चांगली जोडीसुद्धा सलग तीन आठवडे पहिल्या फेरीत दोन-दोन पॉइंटांनी हरू शकते. म्हणून एम१५ च्या दोन अंतिम फेऱ्यांवरून मुलगा दुहेरीचा झाला असं मी म्हणणार नाही, आणि उद्या चार स्पर्धांत लवकर हरला तर तो दुहेरीचा नाही असंही म्हणणार नाही. मला विचाराल तर निकालांपेक्षा दोन गोष्टी लिहून ठेवा: त्याने किती रिटर्न कोर्टात आणि नेटवरच्या माणसाला चुकवून घातले, आणि ४०-४० च्या पॉइंटवर पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली. प्रेक्षकांत बसून वहीत खुणा करता येतात. हंगामाअखेर त्या वहीवरून जे कळेल ते क्रमवारीतून कळणार नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: एकेरीचा क्रमांक दुहेरीच्या प्रवेशाला उपयोगी पडतो, दुहेरीकडे वळायला पुढे दहा वर्षं आहेत, आणि तोवर रिटर्न आणि पहिली व्हॉली यांवर काम करायचं. पण जोडीदार आणि पैसा हे दोन विषय राहिले, आणि त्यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

जोडीदाराबाबत पालक एक हट्ट धरतात, तो म्हणजे घट्ट मैत्री असलेल्या मुलाबरोबरच खेळायचं. मैत्री असली तर उत्तमच, पण खेळ एकमेकांना पूरक हवा. एक ड्यूस बाजूचा (कोर्टची उजवी), एक ॲड बाजूचा (डावी). एकाचा रिटर्न भरवशाचा, दुसऱ्याची सर्व्हिस भारी. रामकुमार मुख्यतः एकेरी खेळणारा, मोठ्या सर्व्हिसचा. बोपण्णाने २०२२ च्या जानेवारीत त्याला घेतलं, ॲडलेड जिंकलं, महिन्याभरात पुणे जिंकलं. बोपण्णाच्या दुहेरीतल्या क्रमांकामुळे जोडीची बेरीज खाली आली आणि रामकुमारला एटीपीच्या ड्रॉमध्ये खेळता आलं, हेही विसरू नका. आपल्यापेक्षा वरच्या क्रमांकाचा जोडीदार मिळवणं हा व्यवसायाचा भाग आहे, त्यात कमीपणा नाही. आणि जोड्या तुटतात. बोपण्णा आणि दिविज शरण २०१८ चं आशियाई सुवर्ण जिंकून २०१९ ला बालेवाडीत जिंकले, पण त्याच हंगामात पुढे दोघंही दुसऱ्या जोडीदारांबरोबर खेळत होते. कुणी कुणाला फसवलं नाही. आठवड्याची बेरीज आणि कोर्टचा प्रकार पाहून असे निर्णय होतात. मुलाला हे आत्ताच समजावून सांगा, नाहीतर पहिला जोडीदार सोडून गेला की तो मनाला लावून घेईल.

पैशांचं स्पष्ट सांगतो. स्पर्धेच्या एकूण रकमेतला मोठा वाटा एकेरीला जातो. दुहेरीचा वाटा लहान, आणि तो दोघांत वाटायचा. वरच्या पातळीवर, सातत्याने एटीपीच्या ड्रॉमध्ये असणाऱ्याचं चांगलं भागतं. एम१५ आणि एम२५ मध्ये दुहेरी जिंकूनही त्या आठवड्याचं विमान आणि हॉटेल सुटत नाही. तुमच्याकडे आणखी चार-पाच हंगामांची तयारी आहे का, हे मला माहीत नाही. नसेल, तर अमेरिकेतल्या विद्यापीठाचा रस्ता गंभीरपणे बघा. तिथल्या सांघिक लढतीत दुहेरीचे तीन सामने होतात आणि त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो, त्यामुळे प्रत्येक प्रशिक्षक दुहेरी मनापासून शिकवतो. तेही ४०-४० ला एकच पॉइंट या पद्धतीने. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळलाय. फक्त शाळा संपून किती काळ गेला आणि बक्षिसाची रक्कम किती घेतली याचे नियम आडवे येऊ शकतात, म्हणून चौकशी पुढच्या वर्षावर ढकलू नका. १९ म्हणजे आधीच थोडा उशीर आहे.

माझ्या हातात असता तर या हंगामात मी त्याला प्रत्येक स्पर्धेत दोन्ही खेळवलं असतं. आठवड्यातले दोन दिवस सकाळी फक्त रिटर्न आणि पहिली व्हॉली, समोर नेटवर खराखुरा माणूस उभा करून. मोकळ्या कोर्टवर घातलेला रिटर्न दुहेरीत काही शिकवत नाही. जोडीदार एकच ठरवून निदान सात-आठ स्पर्धा त्याच्याबरोबर. आणि फेब्रुवारीत बालेवाडीचं चॅलेंजर होईल तेव्हा तुम्ही दोघं मुख्य कोर्ट सोडून बाहेरच्या कोर्टांवर, दुहेरीच्या पहिल्या फेरीला जाऊन बसा. बेसलाइनच्या मागे, कोपऱ्यात. चेंडूकडे न बघता नेटवरच्या माणसाचे पाय बघा, रिटर्न घेणाऱ्याचा चेंडूशी संपर्क व्हायच्या क्षणी ते कुठे असतात ते. मुलाला दोन सेट तेवढंच बघायला कंटाळा आला नाही, तर मला पुन्हा लिहा. मग त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ बघून पुढचं बोलू.